परक्या पाण्यातील मासे: वाढ होते, मग वीण का होत नाही?

आमच्या घरी मासे पानात कधी येत नाहीत. काचेच्या पेटीत मात्र आले आहेत. गतवर्षीच्या दिवाळीत धाकट्या नातवाने हट्ट धरला आणि कोल्हापुराहून दीड हात लांबीची पेटी, थोडी वाळू, चार पाणवनस्पती व दोन जातींचे मासे पेठ वडगावास आमच्या माजघरात येऊन दाखल झाले. एक जात गप्पी माशांची. दुसरी निऑन टेट्रा नावाची. अंगावर निळी झळझळीत रेघ आणि शेपटीकडे तांबडा रंग, दिसावयास मोठी देखणी. संक्रांतीपर्यंत गप्पींचे कुटुंब चौपट झाले. टेट्रा आठ होते ते आठच राहिले. नातवाने विचारले, "आजोबा, ह्यांना पिल्ले का होत नाहीत? आपले घर ह्यांना आवडत नाही का?" उभा जन्म शाळेत मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यात गेला, ह्या प्रश्नास मात्र आम्हांस "उद्या सांगतो" असे म्हणावे लागले.

तो उद्या उगवण्यापूर्वीच हाच प्रश्न दुसऱ्या तोंडून आमच्या ओसरीवर आला, आणि त्या वेळी तो खेळातला राहिलेला नव्हता. आमचा एक जुना विद्यार्थी गावच्या शिवारात शेती करतो. त्याने तीन वर्षांमागे शेततळे खणले, त्यास प्लॅस्टिकचे अस्तर घातले, बँकेचे कर्ज काढले आणि कटला, रोहू व मृगळ ह्या माशांची बोटुकली आणून सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली पिल्ले. मासे चांगले वाढले, विक्रीही झाली. मोठे मोठे मासे त्याने बेण्यासाठी राखून ठेवले. त्याचा हिशेब सरळ होता: बीज एकदा विकत घ्यावयाचे, पुढे माशांस मासे होतील, जशी गाईस वासरे होतात. ज्येष्ठात एक मासा चिरला तर पोट गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, गच्च भरलेले. त्या भरवशावर त्याने नवीन बीज घेतले नाही आणि कर्जाचा पुढला हप्ता ह्याच पिकावर धरला. दसऱ्यानंतर जाळे टाकले. जुने मासे तेवढे लागले. पिलू एक नाही. आणखी एक मासा चिरून पाहिला, तर पोटातली गाबोळीही नाहीशी झालेली!

तो म्हणाला, "गुरुजी, मला वांझ बी दिले. बी देणाऱ्यावर अर्ज लिहून द्या." शिवाय बाजारात कोणी त्यास सल्ला दिला होता की हे सारे मासे काढून चिलापी सोड, एकदा सोडलीस की जन्मात पुन्हा बीज घ्यावयास नको. गावात अर्ज लिहून देण्याचे काम अद्यापि आमच्याकडे येते. परंतु ज्याच्याविरुद्ध लिहावयाचे तो खरोखर अपराधी आहे की नाही, हे पाहिल्यावाचून लेखणी उचलू नये, एवढे आम्ही मुलांस शिकवीत आलो आहो. म्हणून त्यास आठ दिवस थांबविले, मिळाली ती पुस्तके वाचली, दोघा-तिघा जाणत्या मंडळींस विचारले. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे. जगणे निराळे, वाढणे निराळे आणि विणणे निराळे. मनू आणि माशाची कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तो मासा कमंडलूत वाढला, मग भांड्यात मावेना, मग तलावात मावेना, शेवटी त्यास गंगेत व समुद्रात न्यावे लागले. मिळेल त्या पाण्यात मासा वाढतो, एवढे त्या कथेतही आहे. परंतु त्याची संतती त्या कमंडलूत झाली असे कोठेही सांगितलेले नाही. नव्या पाण्यात वीण होण्यास तीन गोष्टी जुळाव्या लागतात. माशाच्या देहास 'आता वेळ झाली' असा निरोप मिळाला पाहिजे. घातलेल्या अंड्यांस योग्य जागा वा प्रवाह मिळाला पाहिजे. आणि ते पाणी अंड्याच्या कोवळ्या जिवास मानवले पाहिजे. तिन्हींपैकी एक चुकली तरी मासा धष्टपुष्ट राहतो आणि वंश मात्र त्याच्याबरोबर संपतो.

पहिली गोष्ट निरोपाची, आणि आमच्या विद्यार्थ्याचा सारा घोटाळा तिच्यातच होता. कटला, रोहू व मृगळ ह्यांचे मुख्य घर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या तळ्यांत ते माणसाने आणून सोडले. त्यांच्या मूळ मुलखात आषाढ-श्रावणात नदी फुगते, काठ सोडून सखल रानात पसरते, गढूळ पाण्यास ओढ लागते. ह्या वेळी मासे त्या उथळ पुराच्या पाण्यात शिरतात आणि तेथे अंडी घालतात. किलोभर वजनाच्या मादीस लाखाच्या वर अंडी असतात. ती पंधरा-वीस तासांत फुटतात आणि जिऱ्याएवढी पिल्ले पुराबरोबर वाहू लागतात. त्यांस मत्स्यजिरे असेच नाव आहे. बंगालचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या हे जिरे बारीक जाळ्यांनी धरीत, आणि कलकत्त्याहून आगगाडीने ते देशभर जाई. कारण इतर प्रांतांतील तळ्यांत हे मासे वाढत, पण विणत नसत.

शेततळ्यातील मासाही वयात येतो. उन्हाळा वाढू लागला की त्याच्या पोटात अंडी तयार होऊ लागतात. आमच्या विद्यार्थ्यास ज्येष्ठात गाबोळी दिसली ती खरीच होती. परंतु अंडी तयार होणे आणि अंडी सुटणे ह्यांच्यामध्ये एक पायरी असते. पाऊस, पाण्याची ओढ, नवे पाणी, त्याचा बदललेला गारवा, ह्या सर्वांची खबर माशाच्या मेंदूस पोहोचते. मेंदू आपल्या तळाशी असलेल्या पीयूषिका नावाच्या लहानशा ग्रंथीस आज्ञा करतो. ती ग्रंथी एक रस रक्तात सोडते आणि त्या रसाने अंडी पक्व होऊन सुटतात. शेततळ्यात पाणी मोटरीने भरलेले, चारी बाजूंनी बांध, तळाशी प्लॅस्टिक. पाऊस वरून पडतो, पण पूर येत नाही. आज्ञा सुटत नाही. मासा तयार होऊन वाट पाहतो, हंगाम सरतो, आणि ती अंडी देहातच जिरून जातात. दसऱ्यानंतरच्या माशात गाबोळी सापडली नाही ती ह्यामुळे. न्यायशास्त्र शिकलेल्यांस हे चटकन उमगेल: माती आहे, चाकही आहे, घडा घडत नाही, कारण निमित्त कारण जो कुंभार तोच आलेला नाही.

हे केवळ अनुमान नव्हे. त्यास दोन पुरावे आहेत. पहिला बंगालमधीलच. बांकुडा व मेदिनीपूर ह्या भागांत काही तळी अशी आहेत की त्यांच्या वरच्या अंगास मोठा उतार असतो, आणि पहिल्या जोराच्या पावसात त्या उतारावरचे पाणी लोटच्या लोट तळ्यात येते. तेथील लोक त्यांस बंध म्हणतात. ह्या बंधांत तेच रोहू, तेच कटला, तळ्यात असूनही विणतात. म्हणजे दोष तळ्याचा नव्हे, अडलेल्या प्रवाहाचा.

दुसरा पुरावा विज्ञानाचा. पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांची वीण घडवून आणता येते, हे दक्षिण अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत दाखविले होते. आपल्याकडील मोठ्या माशांवर हा प्रयोग साधला तो डॉ. हिरालाल चौधुरी ह्यांस, १० जुलै १९५७ रोजी, ओरिसातील अंगुल येथे. दुसऱ्या माशाची ती चिमुकली ग्रंथी काढून, घोटून, तिचा अर्क नर-मादीस टोचला. आणि ज्यांनी साठलेल्या पाण्यात कधी अंडी घातली नसती त्यांनी कापडी हाप्यात काही तासांतच घातली. पीयूष म्हणजे अमृत. ग्रंथीचे नाव किती सार्थ आहे पाहा! आज १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. आता ग्रंथी काढण्याचीही गरज उरली नाही. तयार औषध कुपीत मिळते, आणि गोल टाकीत पाणी फिरते ठेवून अंडी उबविण्यात येतात. आमच्या विद्यार्थ्याने घेतलेले बीज बहुधा अशाच एखाद्या केंद्रातले होते. ते वांझ नव्हते. त्यास निरोप पोहोचला नव्हता, इतकेच.

दुसरी गोष्ट अंड्याच्या जागेची. १९५९ साली आपल्या देशात दोन चिनी कुळातले मासे आणले गेले: जपानहून चंदेरा आणि हाँगकाँगहून गवत्या. त्यांस अनुक्रमे सिल्व्हर कार्प व ग्रास कार्प म्हणतात. तळ्यात तेही विणत नाहीत, म्हणून १९६२ साली त्यांचीही वीण इंजेक्शनाने साधण्यात आली. ह्यांच्या अडचणीत आणखी एक भर असते. त्यांचे अंडे पाण्यात फुगते आणि प्रवाहाबरोबर तरंगत जाते. ते फुटेपर्यंत त्यास वाहते पाणी हवे. संथ पाण्यात ते तळाशी बसते, गाळात गुदमरते. म्हणजे निरोप मिळूनही भागत नाही. पाळण्यास दोरी लागते आणि ती हलतीही लागते.

येथे एक इशारा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. "हा मासा येथे विणत नाही" ह्याचा अर्थ "तो कोठेच विणणार नाही" असा कोणी करू नये. १९७१ च्या पुरात हिमाचल प्रदेशातील एका मत्स्यक्षेत्रातून चंदेरा मासा निसटून गोविंदसागर जलाशयात शिरला. तेथे सतलजचे थंड, वाहते पाणी त्यास मिळाले. तो आपणहून विणू लागला आणि त्याने पूर्वीच्या कटल्यास मागे सारले. अमेरिकेत गवत्या मासा १९६३ साली तळ्यांतील गवत खाण्यासाठी आणला गेला. तेथील नद्यांत त्याची वीण व्हावयाची नाही, असा पुष्कळांचा समज होता. एका तपाच्या आत मिसिसिपीच्या खोऱ्यात त्याची वीण होत असल्याचे आढळून आले. पाहुणा उंबरठ्यावर बसून आहे तोवर त्याच्या स्वभावाची परीक्षा होत नसते.

तिसरी गोष्ट पाण्याच्या गुणाची, आणि येथे आमच्या नातवाचे टेट्रा येतात. त्यांचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांत. तेथील पाणी कुजलेल्या पानांनी चहासारखे तांबूस, किंचित आंबट आणि अत्यंत मृदू. आमच्या कूपनलिकेचे पाणी कसे, हे घरातील स्त्रीवर्गास विचारावे: डाळ लवकर शिजत नाही, साबणास फेस येत नाही, तपेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. शाळेत आम्ही ज्यास दुष्फेन पाणी म्हणून शिकवीत आलो तेच हे. मोठा टेट्रा ह्या पाण्याशी कसाबसा जमवून घेतो. त्याचे अंडे जमवून घेऊ शकत नाही. शिवाय ती अंडी उजेडही सोशीत नाहीत, आणि आमची पेटी तर खिडकीपाशी! नातवास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे त्यांना आपले घर आवडते, पाणी आवडत नाही." ह्याहून नेमके उत्तर आम्हांस देता आले नसते.

आता उलट बाजू पाहू. जे मासे कोठेही विणतात ते का विणतात? कारण ते आपला पाळणा बरोबर बाळगतात. गप्पीची मादी अंडी पाण्यात सोडीतच नाही. पोटातच वाढवून जिवंत, पोहती पिल्ले घालते. सायप्रिनसचे अंडे चिकट असते, ते पाणवनस्पतींस चिकटून राहते. त्यास ना पूर लागत, ना प्रवाह. आणि चिलापी! १९५२ साली आपल्या देशात आलेला हा आफ्रिकेतील मासा. ह्याचा नर तळाशी खळगा करतो, मादी अंडी घालते आणि लागलीच तोंडात घेते. अंडी फुटेपर्यंत, आणि पुढेही काही दिवस, पिल्ले आईच्या तोंडात सुरक्षित. दोन-तीन महिन्यांचा झाला की मासा विणू लागतो, आणि उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा. त्यास पावसाच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही.

ऐकावयास हे वरदान वाटते. परंतु तळ्यातील अन्न तेवढेच आणि खाणारी तोंडे दर दोन महिन्यांनी दुप्पट झाली की सारेच खुरटतात. चिलापीने भरलेल्या तळ्यात वजनदार मासा मिळणे कठीण, आणि खुरट्या माशास बाजारात भाव नाही. ही झाली घरची हानी. बाहेरची हानी ह्याहून मोठी आहे. भीमेवरील उजनी जलाशयात चिलापीने कसा जम बसविला आहे, हे भिगवण-इंदापूरकडील कोणीही कोळी सांगेल. जाळे भरते, पण पूर्वीच्या जाती त्यात क्वचित येतात. मोठा लहानास गिळतो त्यास आपण मात्स्यन्याय म्हणतो. येथे गिळण्याचेही कारण पडत नाही. केवळ जागा व्यापूनच दुसऱ्याचा वंश सरतो.

ह्या दोन्ही बाजू एकाच माशात पाहावयाच्या असल्या तर आपल्याच प्रांतातील महाशीर पाहावा. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची जी नोंद केली तीत १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ह्या माशास शास्त्रीय नाव मिळाले. हा मासा वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यात वर चढून विणणारा. नद्यांवर धरणे झाली, वर चढण्याच्या वाटा तुटल्या आणि स्वतःच्याच मुलखात त्याची वीण रोडावली. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावाच्या काठी १९७० च्या पुढे त्याची अंडी हाताने काढून, उबवून पिल्ले वाढविण्याचे काम आरंभिले. काम स्तुत्य होते. परंतु ती पिल्ले दूरच्या नद्यांतही सोडली गेली, कावेरीतही गेली. आणि कावेरीत हा पाहुणा असा विणला की तेथील मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे पडला. त्या मूळ माशाची २०१८ साली जगातील अत्यंत संकटग्रस्त जातींत गणना झाली. त्याच्या ऱ्हासास धरणे व सुरुंग लावून केलेली मासेमारी हीही कारणे आहेतच. तथापि पाहुण्याचा वाटा लहान नाही. आपल्या घरी ज्याचा पाळणा हलेना त्याने परक्या घरी यजमानासच बाहेर काढले! पाणी बदलले की माशाचे दैव कोणत्या बाजूस बदलेल, हे आधी सांगता येत नाही.

आठ दिवसांनी विद्यार्थी आला तेव्हा हे सर्व त्यास सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे अर्ज नको." आम्ही म्हणालो, "अर्ज नको. हिशेब नवा पाहिजे." दोघांनी बसून वही घातली. बोटुकलीचा खर्च दरवर्षीचा धरला, बेण्यासाठी राखलेले मोठे मासे विकून टाकण्याचे ठरले, आणि त्यातून हप्ता पुरता नाही तरी बराचसा निघेल असे दिसले. नफा त्याने कल्पिला होता तेवढा राहिला नाही. पण जो राहिला तो खरा होता.

चिलापीचा प्रश्न मात्र त्याने पुन्हा काढला. "गुरुजी, तळे माझे आहे. नदीचा काय संबंध?" आम्ही त्यास २०१९ च्या ऑगस्टाची आठवण दिली. त्या महापुरात वारणा आणि पंचगंगा ह्यांनी आपल्या तालुक्यातील गावे वेढली, तेव्हा कोणते पाणी तळ्याचे आणि कोणते ओढ्याचे हे कोणास सांगता आले होते? त्याच्या तळ्याचा सांडवा ओढ्यास मिळतो, ओढा नदीस. शेततळ्यात सोडलेला मासा ही एका धन्याची मालमत्ता आहे असे आपण समजतो. पूर तसे समजत नाही. तो उठताना म्हणाला, "नको चिलापी. आणि सांडव्यास बारीक जाळी बसवतो." ती त्याने गेल्या महिन्यात बसविली, आम्ही स्वतः जाऊन पाहिली.

हे संभाषण चालू असता आमची मंडळी आतून ऐकत होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "वांझ बी, वांझ बी म्हणत आला होता. पाण्याकडे कोणी पाहिलेच नव्हते." एवढेच बोलून ती आत गेली. आमच्या थोरल्या काकूंस ह्याच घरात तो शब्द चाळीस वर्षे ऐकावा लागला होता, आणि कोणीही, आम्ही धरून, दुसरे काही पाहण्याची तसदी घेतली नव्हती. माणसाची गोष्ट माशासारखी नव्हे, हे आम्हांस कळते. तरी तो शब्द तोंडातून काढण्याची घाई दोन्हीकडे सारखीच, हेही त्या दिवशी कळले.

असो. नातवाने पेटी खिडकीपासून हलविली आहे. मृगाचा पाऊस लागला की पागोळ्यांखाली स्वच्छ घंगाळ ठेवून ते मृदू पाणी टेट्रांसाठी साठवावयाचे, असा त्याचा बेत आहे. पिल्ले होतील की नाही हे पुढे दिसेल. मात्र गप्पींची वाढलेली पिलावळ ओढ्यात सोडून यावी, असा त्याचा दुसरा बेत होता. तो आम्ही मोडून काढला आणि का मोडला हेही समजाविले. ज्या वाचकांच्या घरी अशा पेट्या असतील त्यांनीही आपल्या मुलांस एवढे अवश्य सांगावे.